मस्कीचं ग्लाइड बेट लीडरमध्ये अडकत होतं: माझा अनुभव

मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावावर मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी ग्लाइड बेट (झटका दिला की डावी-उजवीकडे सरकणारं नकली आमिष) टाकत होतो. दोन-तीन झटके नीट जायचे, मग पोटाखालचा तिहेरी गळ लीडरवर (दोरी आणि बेट यांना जोडणाऱ्या छोट्या तुकड्यावर) चढायचा आणि बेट ओल्या चपलेसारखं ओढत यायचं. दर चौथ्या फेकीला हेच! रॉड बदलला, गळ लहान लावला, फेकही हळू केली, फरक शून्य.

दोष होता मऊ फ्लुरोकार्बन (पारदर्शक प्लास्टिकचा धागा) लीडरचा. झटक्यानंतर दोरी सैल सोडली की तो वाकून थेट गळावर पडतो. ग्लाइड बेटला तर ती ढील लागतेच.

आधी तो लीडर काढला. त्याजागी सुमारे १२ इंचांचा एकेरी, कडक पोलादी तारेचा लीडर घेतला. त्याचं स्विव्हल (गोल फिरणारी जोडकडी) फक्त ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या, दोरीच्या टोकाला ठेवलं, बेटच्या टोकाला नुसता स्नॅप (उघड-बंद होणारा तारेचा आकडा). मग बेटच्या नाकातली जादा स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची कडी) तिच्यासाठीच्या खास पकडीने काढली (नखाने करू नका, माझं तुटलंय) आणि स्नॅप सरळ नाकाच्या कडीत अडकवला. स्नॅप गोल तोंडाचा हवा. टोकदार असला तर कडी एका कोपऱ्यात अडून बसते. शेवटी गळ हाताने पुढे फिरवून पाहिला: तारेला टेकला, पण तार वाकली नाही, आणि तो निसटून खाली आला.

होडीच्या कडेला रॉडचं टोक पाण्याकडे धरून छोटे झटके दिले. बेट डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तार खरवडली किंवा वाकली की लीडर फेकून देतो, सरळ करत बसत नाही.