मूळव्याध: अवघड जागेच्या दुखण्यावर वेळीच करायचे उपाय

मूळव्याधीचा रुग्ण डॉक्टरांकडे सहसा उशिरा पोहोचतो, आणि त्याआधीचे कित्येक महिने तो घरात कोणालाही न सांगता औषधांच्या दुकानातून मलम आणून लावत असतो. दुखणे अवघड जागेचे असल्यामुळे हा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु शौचावाटे रक्त जाण्याचे कारण दर वेळी मूळव्याधच असते असे नाही, आणि ते स्वतःच ठरवून मोकळे होणे धोक्याचे आहे.

गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात आणि वारा व मळ रोखून धरण्यास त्यांची मदत होते. मळ कडक होऊन रोज कुंथावे लागले, गरोदरपणात ओटीपोटावरचा दाब वाढला किंवा वयानुसार त्यांचा आधार सैल पडला, की या गाद्या फुगून खाली सरकतात. त्यांनाच आपण कोंब किंवा मोड म्हणतो. आतला कोंब बहुधा दुखत नाही, फक्त शौचाच्या वेळी लाल भडक रक्ताचे थेंब पडतात. शौचाला बसताच चिरल्यासारखी कळ येत असेल तर ते फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर, असण्याची शक्यता अधिक, आणि गुदद्वाराजवळून पू येत असेल तर भगंदराची, म्हणजे आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत पडलेल्या नळीसारख्या वाटेची, शंका घ्यावी लागते. या तिन्हींचे उपचार निराळे आहेत.

बहुतेकांना आराम पडतो तो मळ मऊ झाल्यामुळे, म्हणून सर्वाधिक लक्ष तेथेच द्यावे. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) पोटात जावेत. ज्वारीची भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी आणि एखादा पेरू एवढे रोजच्या जेवणात असले, तरी बराचसा भाग भरून निघतो. मैद्याची बिस्किटे आणि पाव मात्र कमी करावेत. इसबगोल घ्यायचे असल्यास एका चमच्यापासून सुरुवात करावी, ते पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी घ्यावे. पेला थोडा वेळ तसाच ठेवला तर इसबगोल पाणी शोषून त्याचा घट्ट लगदा होतो. पोटातही ते असेच पाणी ओढते, त्यामुळे पाणी कमी पडल्यास त्रास उलट वाढतो. लोहाच्या गोळ्यांनीही काहींचे पोट साफ होत नाही, तेव्हा सुरू असलेली औषधे डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

शौचाची भावना झाली की टाळू नये आणि मोबाईल घेऊन आत बसू नये. पाच मिनिटांत उठावे. कमोडवर बसताना पायांखाली ६ ते ८ इंच उंचीचे स्टूल घेतल्यास कमी कुंथावे लागते. आग होत असल्यास टबात कोमट पाणी घेऊन त्यात दिवसातून दोन-तीन वेळा १० ते १५ मिनिटे बसावे आणि नंतर मऊ कापडाने न घासता टिपून घ्यावे. स्टेरॉइड असलेले मलम डॉक्टरांना न विचारता आठवड्याहून अधिक काळ वापरू नये, कारण त्याने त्वचा पातळ होते.

पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त जाऊ लागले, वजन घटले, शौचाची सवय बदलली, मळ डांबरासारखा काळा झाला, थकवा व धाप जाणवू लागली किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर तपासणी पुढे ढकलू नये. बाहेर अचानक टणक, निळसर आणि अतिशय दुखणारी गाठ आली तर ती साकळलेल्या रक्ताची असू शकते. ती कापून काढण्याचा लाभ पहिल्या तीन दिवसांतच अधिक मिळतो.

एवढे करूनही आतल्या कोंबातून रक्त थांबत नसेल तर शल्यचिकित्सक त्याच्या मुळाशी रबर बँड बसवतात आणि रक्तपुरवठा तुटून तो गळून पडतो. बोटाने आत ढकलावा लागणारा किंवा आत जातच नसलेला मोठा कोंब असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. एका इंजेक्शनात खात्रीने बरे करण्याची हमी देणाऱ्या, पदवी न दाखवणाऱ्या माणसाच्या हाती मात्र स्वतःला कधीही सोपवू नये. या नाजूक जागी चुकीचे रसायन टोचले गेले तर मळ रोखणारा स्नायूच कायमचा निकामी होऊ शकतो. बँड बसवल्यानंतर साधारण आठवडाभराने तो गळतो, तेव्हा थोडे रक्त दिसले तर घाबरण्याचे कारण नाही; परंतु रक्तस्राव थांबत नसेल, ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.