कंबरेच्या बाजूचा खोल स्नायू आखडल्यास काय करावे

कंबरेवर हात ठेवून उभे राहिल्यावर अंगठा पाठीकडच्या ज्या मऊ जागेत टेकतो, तिच्या खोलवर, मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, क्वाड्रेटस लम्बोरम नावाचा चौकोनी स्नायू असतो. खाली तो श्रोणीच्या, म्हणजे कंबरेखालच्या रुंद हाडाच्या, वरच्या कडेला, तर वर बाराव्या बरगडीला आणि कंबरेच्या वरच्या चार मणक्यांना जोडलेला असतो. धड बाजूला झुकवणे आणि श्वास घेताना शेवटची बरगडी स्थिर धरणे ही त्याची कामे असल्यामुळे तो आखडला की कुशीवर वळताना, अंथरुणातून उठताना, अगदी शिंक आली तरी एका बाजूला कळ येते. कधी ती नितंबापर्यंत उतरते आणि दुखणे खुब्याचेच आहे असा समज होतो.

ठाणे-वाशी लोकलमध्ये एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग अडकवून, सगळा भार एकाच पायावर टाकून उभे राहायचे आणि मग महापे किंवा ऐरोलीच्या कार्यालयात मागच्या खिशातल्या पाकिटावर तिरके बसायचे, हा क्रम रोजचा झाला की हा स्नायू थकणारच. त्यातच नितंबाच्या बाजूचे स्नायू दुबळे असतील, तर चालताना श्रोणी सांभाळण्याचे त्यांचे कामही याच्यावर पडते. म्हणून केवळ ताण देऊन मिळणारा आराम बहुधा फार टिकत नाही.

मात्र ताप, लघवीत जळजळ किंवा रक्त, कुशीतून जांघेकडे जाणारी तीव्र कळ असेल, तर दुखणे मूत्रपिंडाचे असू शकते आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. पडल्यानंतर दुखू लागले असल्यासही हेच करावे. पायात बधिरपणा वा अशक्तपणा वाढत असेल, जांघांच्या मधला भाग बधिर झाला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

उसण नुकतीच भरली असेल तर जोराने ताणू नये. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेक घ्यावा आणि सपाट जागेवर, ठाण्याच्या तलावपाळीसारख्या ठिकाणी, थोडे थोडे चालावे. पूर्ण विश्रांतीने कंबर अधिकच आखडते.

कळ ओसरल्यावर खुर्चीत ताठ बसावे, उजवी बाजू दुखत असल्यास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावीकडे झुकावे आणि उजवे नितंब बैठकीवरून उचलू न देता २० ते ३० सेकंद संथ श्वास घेत थांबावे. हे दोन-तीनदा करावे. जमिनीवर बसता येत असेल तर बालासनात (टाचांवर बसून, पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवण्याच्या आसनात) दोन्ही हात डावीकडे सरकवूनही तोच ताण मिळतो. टेनिसचा चेंडू वापरायचा असल्यास भिंतीला टेकून, मणका आणि बरगडी टाळून, हलकाच दाब द्यावा. या स्नायूपुढेच मूत्रपिंड असते, त्यामुळे जमिनीवर चेंडू ठेवून त्यावर अंग टाकण्याचा प्रकार मला धोक्याचा वाटतो.

पुढचा भाग, म्हणजे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम, बहुतेक जण सोडून देतात. कुशीवर पडून गुडघे दुमडावेत, कोपर खांद्याखाली ठेवून श्रोणी वर उचलावी आणि दहा सेकंद धरावी. दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा, एक दिवसाआड. यात कळ वाढली तर थांबावे, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टकडून चाल तपासून घ्यावी.