ऑक्सिजन सिलिंडर किती तास पुरेल?
व्हॉल्व्ह उघडून दाबाचा काटा बघा. काट्यावरचे बार (दाबाचे एकक) गुणिले सिलिंडरची पाण्याची क्षमता, म्हणजे आत किती लिटर पाणी मावेल ते, एवढे लिटर ऑक्सिजन बाहेर मिळतो. बी-टाइप सिलिंडर साधारण 10 लिटरचा असतो. काटा 120 वर असेल तर 1200 लिटर. शेवटचे 10 बार राखीव धरा, उरले 1100. मिनिटाला 2 लिटरने नऊ तास, 5 लिटरने जेमतेम साडेतीन तास.

काटा पीएसआयचा (दाबाचे दुसरे एकक) असेल तर बार काढायला आधी 14.5 ने भागा. बहुतेक घोळ इथेच होतो. उन्हात तापलेल्या सिलिंडरचा काटा चढतो, पण म्हणून आतला ऑक्सिजन वाढत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसला मात्र हा हिशेब लावू नका. त्यात द्रव असतो, तो संपत येईपर्यंत दाब फारसा उतरतच नाही. तो सरळ वजनकाट्यावर ठेवावा.