प्यूमिसचे थर वाचताना या चुका टाळा

धुळे-नंदुरबारकडे विहीर खणली की मांजऱ्या खडक निघतो. सगळा भोकाभोकांचा, भोकांत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलेलं. भूशास्त्र शिकणारी पोरं तोच हौसेने प्यूमिस म्हणून पिशवीत भरतात. पण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेला बेसाल्ट. प्यूमिस म्हणजे स्फोटात फेसाळून उडालेली काच, निम्म्याहून जास्त पोकळ. गेरूचा लाल थर दिसला की "राख, राख" म्हणणंही तसंच. बहुतेक ठिकाणी ती दोन लाव्हांच्या मधल्या काळात झालेली झीज असते.

बादलीत तरंगला तर प्यूमिस, ही परीक्षा ठीक आहे, पण अर्धीच. फार दिवस भिजलेला प्यूमिसही बुडतो. घनता काढायची तर तुकडे ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि मगच पाण्यात तोला. आणि एकाच तुकड्यावर निकाल देऊ नका. एकसारख्या आकाराचे शंभरेक तरी घ्या.

सगळ्यात महागात पडते ती एकाच ठिकाणी जाडी मोजून स्फोट केवढा होता ते सांगायची घाई. इ.स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला तेव्हा वारा आग्नेयेकडे होता. पाँपेई शहरावर अडीच-तीन मीटर प्यूमिस पडला. पश्चिमेकडचं हर्क्युलेनियम डोंगराला जास्त जवळ, तरी तिथे तो नावालाच. ते शहर गाडलं गेलं ते नंतर जमिनीलगत धावत आलेल्या तप्त प्रवाहांखाली. वरून पडलेला थर चढ-उतारावर सारखा पसरतो आणि त्यातले खडे साधारण एका मापाचे असतात. प्रवाह खोलगटात साचतो, त्यात बारीक-मोठं सगळं एकत्र. हा फरक न बघता थराच्या जाडीचा नकाशा काढाल तर आकडे कितीही नेटके दिसोत, उपयोग शून्य.

पाँपेईत खाली पांढरा प्यूमिस, वर करडा. रंग बदलला म्हणून दोन उद्रेक मोजू नका. शिलारसाची घडण बदलली, उद्रेक तोच. मध्ये जुन्या मातीचा थर किंवा झिजेची खूण असेल तरच मध्ये उद्रेक थांबला होता असं धरा.

राखेचा खरा थर बघायचाच असेल तर पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरीला जा. तिथली राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरवरून आलेली. तीही पाण्याने वाहून खोलगटात साचते, म्हणून टेप लावण्याआधी थराचा तळ दोन्ही बाजूंनी उकरून बघा.