डिझेल पिकअप घेताय? आधी या चुका टाळा

जून जवळ आला की ओतूर-नारायणगाव पट्ट्यात पिकअपच्या चौकश्या सुरू होतात. टोमॅटोचे तोडे चालू झाले की भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, मिळाली तर भाडं परवडत नाही, आणि मग घरात विषय निघतो, 'आपलीच एक घेऊन टाकू.' विचार चुकीचा नसतो. पण हंगाम तोंडावर असताना घेतलेली गाडी बहुतेक वेळा घाईत घेतलेली असते, आणि घाईत माणूस रंग, टायर आणि किंमत एवढंच बघतो. मी २०२१ साली जुनी पिकअप घेतली तेव्हा हेच केलं. त्यानंतर भावकीतल्या आणि मित्रांच्या बऱ्याच गाड्या बघायला सोबत गेलो. बहुतेक ठिकाणी त्याच त्याच चुका होताना दिसल्या.

गरम इंजिन बघून इसार देणे

माझी चूक हीच. विकणाऱ्याने सांगितलं, 'दुपारी निवांत या.' गेलो तर गाडी धुऊन-पुसून उभी, चावी फिरवली की लगेच सुरू. आवाज गोड. तिथेच इसार दिला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली आणि सुरू झाली तेव्हा पांढऱ्या धुराचा लोट निघाला. पुढे दर दोन दिवसांनी कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली रिकामी. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील, गेलेलं होतं. हेड उतरवलं, फेसिंग केलं, आणि ऐन तोड्यात पंधरा दिवस गाडी गॅरेजला. तेवढे दिवस माल भाड्याच्याच गाडीने गेला.

डिझेल इंजिनचं खरं दुखणं थंडपणीच कळतं. म्हणून गाडी बघायला सकाळी सहाला जा आणि आदल्या दिवशी 'इंजिन चालू करू नका' असं स्पष्ट सांगा. गेल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर त्या दिवशी व्यवहाराचं बोलू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. रेडिएटरचं झाकण याच वेळी, इंजिन गार असतानाच उघडून बघा. कूलंट गंजाने चहासारखं दिसलं तर वर्षानुवर्षं नुसतं पाणी ओतलेलं आहे. वर तेलाचा तवंग असेल तर सरळ घरी या.

सुरू झाल्यावर धूर बघा. थंडीच्या सकाळी थोडा पांढरा धूर येऊन मिनिटभरात थांबला तर हरकत नाही. थांबलाच नाही तर नोझल (डिझेल फवारणारी तोटी), कॉम्प्रेशन किंवा कूलंट जळणं, यांपैकी काहीतरी आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो गेलाय. रेस दिल्यावर काळा भपकारा येत राहिला तर एअर फिल्टरपासून नोझलपर्यंत सगळं तपासावं लागेल.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि तेच झाकण तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा आतून धुराचे झोत यायला लागले तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे जळलेली हवा रिंगांच्या बाजूने खाली येतेय. अशा गाडीचं इंजिनकाम जवळ आलेलं असतं, आणि तो खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय पुढे बोलू नये.

मीटरवरचा आकडा खरा मानणे

सहा वर्षांची पिकअप आणि मीटरवर साठ हजार? भागाकार करून बघा. दिवसाला सत्तावीस किलोमीटर होतात. बँकेचा हप्ता फेडणारी गाडी एवढ्यावर भागवत नाही. मीटर मागे घेता येतं, पण क्लच पेडलचं झिजलेलं रबर, गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, खाली बसलेलं ड्रायव्हर सीट आणि उचलून लावावा लागणारा दरवाजा लपवता येत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या सर्व्हिसची नोंद असते. मालकाला सोबत घेऊन ती मागवा. तो टाळाटाळ करायला लागला तर त्यातच उत्तर आहे.

गाडीने आधी काय वाहिलं हे न विचारणे

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते इंजिनखालोखाल महत्त्वाचा हाच. मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी रोज हौद्यातून चासीवर ठिबकलेलं असतं. वरून रंग चकचकीत आणि खाली चासीचे पापुद्रे निघतात. वाळू-विटा वाहिलेल्या गाडीचे पाटे आणि मागची हाऊसिंग दमलेली असते. त्यामानाने दूध किंवा किराणा वाहिलेली गाडी बरी, फक्त तिचं रनिंग जास्त असतं.

म्हणून खाली झोपून बघा. चासीच्या आतल्या बाजूने टॉर्च फिरवा, छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तिथे गंज आहे. वेल्डिंगचे जोड, नुकताच मारलेला काळा रंग आणि कंपनीपेक्षा जास्त घातलेले पाटे नजरेतून सुटू देऊ नका. वाढवलेला पाटा म्हणजे ही गाडी कायम ओव्हरलोड चाललीय.

पुराच्या गाड्यांबद्दलही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. बुडालेली गाडी साफसूफ करून लांबच्या जिल्ह्यात विकायला आली तर नुसत्या नजरेला ती ओळखू येत नाही. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातला चिखल, सीटच्या रुळांवरचा गंज, वायरिंगच्या सॉकेटमध्ये धरलेला हिरवा थर आणि केबिन बंद ठेवल्यावर येणारा कुबट वास, या चार खुणा शोधा. आजकालचं डिझेल इंजिन सेन्सरवर चालतं, आणि वायरिंगमध्ये पाणी गेलेलं इंजिन वर्षानुवर्षं छळतं.

क्रेट मोजून गाडी ठरवणे, वजन मोजून नाही

आपल्याकडे विचारलं जातं, 'किती क्रेट बसतात?' बसतात भरपूर. प्रश्न वजनाचा आहे. टोमॅटोचं क्रेट वीस किलो मालाचं, वर रिकाम्या क्रेटचे दीड-दोन किलो. बोलेरो पिकअपचं १.७ टनी मॉडेल धरलं तरी पंच्याहत्तरच्या आसपास क्रेटला कागदावरची क्षमता संपते. टाटा इन्ट्रा व्ही-३० ची क्षमता १३०० किलो, योद्धा २.० ची २ टन. तुमचा रोजचा माल शंभर क्रेट असेल तर छोटी गाडी घेऊन रोज कोंबण्यात काहीच बचत नाही.

यात आणखी एक गोम आहे. आरसीवर गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं. पण मधल्या मालकाने हौद्याला जाड पत्रा, उंच फाळके, वर अँगल मारलेले असतात. म्हणून पैसे देण्याआधी रिकामी गाडी भुईकाट्यावर घाला. आरसीवरच्या एकूण वजनातून काट्यावरचं वजन वजा करा, राहिलं तेवढंच तुमचं. मित्राच्या गाडीला हे केलं तेव्हा दीडशे किलो बॉडीनेच खाल्लेले निघाले.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागतो. पण मला दंडापेक्षा माळशेजचा उतार जास्त दिसतो. रात्री कल्याण-वाशीला निघालेली, क्षमतेच्या दीडपट भरलेली गाडी, पाऊस, धुकं आणि तापून पकड सोडलेले ब्रेक. हे ज्याने एकदा अनुभवलंय तो क्रेट कमी भरतो.

बीएस-६ चं इंजिन जुन्या सवयींनी वापरणे

नवीन घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-४ ची विक्री बंद झाली. आता धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ हा नियम लागू आहे, आणि बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी गाडी आपोआप जाळते, पण त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो. म्हणजे गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगात पळाली पाहिजे. तुमचं काम शेतातून गावातल्या मार्केटपर्यंत चार-पाच किलोमीटर एवढंच असेल तर जाळी तुंबणार, दिवा लागणार आणि गाडी ताकद सोडणार. अशा कामाला सीएनजी किंवा पेट्रोलची छोटी गाडी बघा. डिझेल लांबच्या पल्ल्याला शोभतं.

दिवा लागलाच तर दुर्लक्ष करू नका. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेला वीसेक मिनिटं एका लयीत चालवली की बहुधा विझतो. सतत लागत असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. जाळी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) आणि वॉरंटीला दोन्हीकडे अडकाल. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाका. साध्या ऑइलची राख जाळीत बसते आणि ती काजळीसारखी जळत नाही.

काही मॉडेलमध्ये धूर स्वच्छ करायला ॲडब्लू नावाचं द्रावण लागतं. त्याची वेगळी टाकी असते, झाकण निळं. हे साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचं पाणी. मग शेतकऱ्याच्या मनात येतं, युरियाची गोणी तर घरातच आहे. कृपा करून हे करू नका. २०१५ पासून खताच्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. ते तेल आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार नोझल आणि उत्प्रेरक दोन्ही खातात. चुकून ॲडब्लू डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी ओढून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

डिझेलचंही तेच. शेतातल्या बॅरलमध्ये साठवलेलं, पावसाळ्यात पाणी धरलेलं डिझेल जुन्या गाड्यांनी पचवलं. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने नोझलमधून जातं. तिथे पाण्याचा थेंब आणि मातीचा कण दोन्ही महागात पडतात. फिल्टरखालच्या कपातलं पाणी वेळोवेळी सोडत जा.

नवी गाडी कुठली, यावर मी भांडत नाही. तुमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर जिचं सर्व्हिस सेंटर आहे आणि जिचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो, ती घ्या.

कागद नंतर बघू म्हणणे

कागद बघायचे ते आधीच. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बोजा (गाडीवरचं कर्ज), इन्शुरन्स, फिटनेस आणि पीयूसीची मुदत पाहा. थकलेली चलनं वेगळी तपासा, कारण गाडी घेतल्यावर ती तुमच्या गळ्यात पडतात. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं, म्हणजे सात वर्षांची गाडी घेताना पुढचा तो खर्चही धरायचा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 'हप्ते फिटलेत, कागद येतीलच' या शब्दावर माझ्या मामेभावाने गाडी घेतली आणि आठ महिने ती त्याच्या नावावर झाली नाही.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या. चौदा दिवसांच्या आत इन्शुरन्स कंपनीलाही अर्ज करा. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, हे हिशेबात धरा.

ताबा घेताना साध्या कागदावर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ठरलेल्या रकमेतला एक हिस्सा नवं आरसी तुमच्या नावावर येईपर्यंत राखून ठेवायचा, हेही त्याच कागदावर लिहा.