गोकायामाला जायच्या आधी (जेवणाचं कळवलंत का?)

मागच्या ऑक्टोबरात आईला घेऊन जपानच्या डोंगरातल्या गावांत फिरून आले, ताकायामा, शिराकावागो आणि गोकायामा, तीन रात्री. एक काम अर्धवट राहिलं आणि त्यापायी आईला एका रात्री जवळजवळ नुसत्या भातावर राहावं लागलं. आता मैत्रिणीचे आईबाबा जातायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पासपोर्ट, व्हिसा, इन्शुरन्स, औषधं यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही करालच.

पहिलं काम, बसच्याही आधीचं. तुमच्यात कुणी शाकाहारी असेल तर ज्या घरी मुक्काम आहे तिथे बुकिंग करतानाच कळवा. आणि नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नका, मी तेवढंच केलं होतं. तिकडे त्या शब्दाचा अर्थ बरेचदा 'मांस नको' एवढाच घेतला जातो, मासे चालतात असं समजतात, आणि मासे वगळले तरी दाशी उरतेच. दाशी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाचं, आणि ते मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, तेम्पुरा म्हणजे त्यांच्या भज्यांबरोबरच्या सॉसमध्ये, सगळीकडे असतं. म्हणून एकेक पदार्थ लिहा: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशी नको, कोंबु म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूमची दाशी चालेल, अंडं चालतं की नाही. मेल जपानीत भाषांतर करून पाठवा. फोनवर सांगायचं असेल तर हे वाचून दाखवा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देसु. कोंबु तो शिताके नो दाशी वा दाइज्योबु देसु.'

इतकं का सांगतेय ते ऐका. गोकायामातल्या आइनोकुरा गावात मिन्शुकुमध्ये, म्हणजे घरगुती मुक्कामात, इरोरीभोवती बसवलं होतं, इरोरी म्हणजे जमिनीत खोदलेली चौकोनी चूल. काठीला टोचलेले इवाना मासे मीठ लावून निखाऱ्याकडेला उभे केलेले, माणशी एक. घरातल्या आजींनी आईपुढचा मासा तसाच राहिलेला बघितला, उठून रानभाज्यांची तेम्पुरा आणली, मग तिच्याबरोबरच्या सॉसमध्ये पण मासा आहे हे त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. आईने भात घेतला, पर्समधली मेतकुटाची पुडी सोडली आणि लाखेच्या वाटीत कालवून जेवली. आजी परत परत वाकून माफी मागत होत्या, चूक सगळी माझी होती. जास्त वाईट याचं वाटलं की त्यांना हे सगळं येत होतं. त्या भागात जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचं होओनको असतं, शिनरान या संस्थापकाच्या स्मरणाचं, आणि त्याचं पारंपरिक जेवण रानभाज्या, डाळी, टोफूचं असतं. गोकायामाचा टोफू तर दोरीने बांधून नेता येईल इतका घट्ट. पण सामान त्या दिवसापुरतं आणलेलं असतं, जवळ दुकान नाही, संध्याकाळी सहाला सांगून काय उपयोग. आधी कळवा. आणि निघायच्या तीन दिवस आधी पुन्हा कळवा, उत्तर आलं नसेल तर फोन करा.

आता बस. नागोयाहून ताकायामाला हिदा एक्सप्रेस ही रेल्वे, सव्वादोन-अडीच तास. ताकायामा ते शिराकावागो बस पन्नास मिनिटं, पुढे आइनोकुरागुची या आइनोकुराच्या स्टॉपपर्यंत साधारण पाऊण तास. ही पुढची बस दिवसातून मोजक्याच वेळा आहे. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून ठेवा. जिथे सीट बुक करता येते तिथे करा. फक्त जेआर पास (जपानी रेल्वेचा पास) असेल तर या बसेसना तो चालत नाही, लोक हमखास फसतात. मोठी बॅग ताकायामाच्या हॉटेलमधून ताकुहाइबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, सरळ पुढच्या मुक्कामाच्या शहरात, कानाझावाच्या हॉटेलला पाठवा. स्टॉपवरून गावात जायला चढ आहे आणि आईबाबांना चाकाची बॅग ओढायला लावू नका. कॅश ताकायामातच काढा, गावात कार्डाच्या भरवशावर राहू नका.

काय बघायचं ते आधी थोडं वाचून जा, नाहीतर नुसती छपरं बघून परत याल. शिराकावागोतलं ओगिमाची आणि गोकायामातली आइनोकुरा, सुगानुमा ही तीन गावं 1995 साली जागतिक वारसा यादीत आली. तिथल्या घरांचं गवताचं छप्पर साधारण साठ अंशांत उतरतं, बर्फ टिकू नये म्हणून, आणि माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. गोकायामात घराखालच्या मातीत बंदुकीच्या दारूचा सोरा बनवायचे, कागा संस्थानासाठी, सुगानुमाला त्याचं छोटं म्युझियम आहे. चुलीचा धूर वर चढून गवताला कीड लागू देत नाही. छप्पर बदलायला सगळं गाव जमतं, त्याला युई म्हणतात. आई कोकणातली, तिला हे समजावून सांगावं लागलं नाही, ती म्हणाली आमच्याकडे घर शाकारायला वाडी जमायची तसंच की. कोकिरिको हा तिथला लोकनाच बघायला मिळाला तर सोडू नका, त्यातलं सासारा हे 108 लाकडी पट्ट्यांचं वाद्य जवळून बघा.

आणि मुक्काम आइनोकुरालाच करा, ओगिमाचीला दिवसभर गर्दी असते. तुमचं मत वेगळं असेल तर असो, पण संध्याकाळी शेवटची बस गेल्यावर गाव जे शांत होतं त्यासाठीच तर एवढं लांब जायचं. फक्त तिथे मुक्काम म्हणजे जेवण तिथेच, दुसरी सोय नाही, म्हणून परत तेच, जेवणाचं कळवलंत का?

बाकी पटापट. बूट पटकन निघणारे, मोजे न फाटलेले. गरम कपडे ऑक्टोबरातही. बाथरूम सामायिक असतं. गावात उघड्यावर सिगरेट, काडी, काही नाही, सगळं गवत आहे. लोक राहतात तिथे, खिडकीतून डोकावू नका. कचरा बरोबर परत आणा. शिराकावागोचा हिवाळी लाइट-अप, म्हणजे रात्री बर्फातल्या घरांवर दिवे सोडतात तो, बघायचा असेल तर रिझर्व्हेशनशिवाय जाऊच नका. मेतकूट, खाकरा, कोरडी चटणी ठेवा, पण ते अडीअडचणीला, मेल पाठवायचा आळस करायला नाही.

कानाझावाला पोचलात की सगळं मिळतं, तिथलं तुमचं तुम्ही बघाल. तो मेल मात्र आजच पाठवा, मसुदा हवा तर मी देते.