चिलापीसाठी साधा गळ, घराजवळच्या तळ्यावर

महागडा रॉड-रील लगेच घेऊ नका, सात-आठ फुटी बांबूची काठी, तेवढाच तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), छोटा गळ, त्याच्या वीतभर वर शिशाचा बारीक मणी आणि तरंगायला थर्माकोलचा तुकडा, चिलापी म्हणजे तिलापिया माशाला एवढं बास होतं. आमिष म्हणजे गांडूळ नाहीतर कणकेची घट्ट गोळी, पण वाटाण्याएवढीच करा, मोठी केली की मासा कडेकडेने कुरतडून खातो आणि गळ रिकामा येतो. मधलं खोल पाणी विसरा, चिलापी काठच्या गवताला, दगडांना धरून असते. सकाळी बसा नाहीतर ऊन उतरल्यावर, आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका.

थर्माकोल नुसतं थरथरलं तर थांबा, सरकलं किंवा बुडालं की मनगटाने हलका झटका द्या. पाठीचे काटे टोचतात, म्हणून हात ओला करून डोक्याकडून मागे दाबत धरायचं.

आणि हो, तलावाचा ठेका बऱ्याचदा मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारा, त्यांचं पोट त्यावर आहे. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका प्लीज, बगळ्यांच्या पायात अडकतो. पावसाळ्यात अंडी भरलेली रोहू लागली तर सोडून द्या.